रणगाड्याची प्रतिकृति कोणती करावी ?

अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांस प्लॅस्टिकचे लहान रणगाडे जोडून रंगविण्याचा नाद लागला आहे. पेटींत दोनतीनशें सुटे भाग, एक सूचनापत्र आणि झांकणावर धुरळा उडवीत धांवणाऱ्या रणगाड्याचें चित्र, एवढ्या भांडवलावर मुलगा महिना-दोन महिने सुट्टीच्या दिवशीं खोलीबाहेर पडत नाहीं. या नादाविषयीं पालकवर्गांत दोन तट पडलेले आम्हांस दिसतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, हा पैशाचा व वेळेचा निव्वळ चुराडा असून शिवाय त्यामुळें कोंवळ्या मनास युद्धाची गोडी लागते. दुसरा पक्ष म्हणतो, मुलगा हातांतील फोन खालीं ठेवून कांहीं तरी करीत बसला आहे, एवढें आम्हांस पुरे. मुलानें कोणता रणगाडा करावयास घेतला आहे, हें या दोघांपैकीं कोणीच विचारीत नाहीं. आणि आमच्या मतें सारें त्यावरच अवलंबून आहे.

कोणता, म्हणजे जर्मन कीं रशियन, एवढाच आमचा अर्थ नाहीं. पेटीवर ज्याचें नांव छापलेलें असतें त्या जातीचे रणगाडे कारखान्यांतून शेंकडों व हजारों बाहेर पडलेले असतात. त्या हजारांतून एक निवडावा. ज्याचा क्रमांक किंवा नांव ठाऊक आहे, ज्यांत कोण बसलें होतें हें ठाऊक आहे, असा एक. आणि त्याचाही एकच दिवस निवडावा. असें ज्यानें ठरविलें त्याचें काम त्या क्षणापासून बदलतें, असा आमचा अनुभव आहे. तें कसें, हें पुढें सांगूं.

आमच्याकडे दिवाळींत अंगणांत किल्ला करण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. दगडविटा रचून, वर पोतें टाकून, मातीचा गिलावा देऊन मुलें किल्ला उभारतात, त्यावर हळीव किंवा मोहरी पेरतात आणि मातीचे मावळे मांडतात. तलवारी, भाले व तोफा त्यांतही असतात. तरी त्यामुळें मुलगा भांडखोर होईल अशी धास्ती कोणा बापास वाटल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं. आतां या किल्ल्यांतही दोन जाती असतात. एक नुसताच किल्ला. बुरूज तीन असोत कीं तेरा, कोणी विचारीत नाहीं. दुसरा म्हणजे सिंहगड, प्रतापगड किंवा राजगड. ज्यानें राजगड करावयाचें ठरविलें त्यास पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तिन्ही माच्या दाखवाव्याच लागतात. बालेकिल्ला मध्यें कसा उठला आहे, कोणती माची कोणत्या दिशेस पसरली आहे, याची विचारपूस करावी लागते. त्या विचारपुशींत तो पुस्तक उघडतो, आजोबांचें डोकें खातो, एखादे वेळीं वडिलांस गळ घालून गडावरही जाऊन येतो. चिखल तोच, मावळे तेच. परंतु दोन किल्ल्यांतील अंतर मोठें आहे. रणगाड्याचेंही तसेंच समजावें.

रणगाडा हा शब्द आम्हांस फार आवडतो. ऐकतांच वस्तु डोळ्यांपुढें उभी राहते. त्याचें इंग्रजी नांव मात्र मूळचें लबाडीचें. पहिल्या महायुद्धांत इंग्रजांनीं हें नवें यंत्र बांधावयास घेतलें तेव्हां शत्रूस सुगावा लागूं नये म्हणून हीं पाण्याचीं टांकीं आहेत अशी हूल उठविण्यांत आली, आणि टँक हेंच नांव त्यास कायमचें चिकटलें. १५ सप्टेंबर १९१६ रोजीं फ्रान्समध्यें सोमच्या रणांगणावर तें प्रथम पुढें आलें. असो.

प्रतिकृतींचें नेहमींचें प्रमाण १:३५ असें आहे. हा आंकडा कोणा गणितज्ञानें योजिलेला नव्हे. जपानांतील शिझुओका शहरच्या तामिया कंपनीनें १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत जर्मन ‘पँथर’ रणगाड्याची प्लॅस्टिकची प्रतिकृति काढली. ती विजेवर चालावी म्हणून तिच्या पोटांत मोटर व बॅटऱ्या बसविणें अवश्य होतें. त्या मावतील एवढें पोट ठेवलें आणि हिशेब करून पाहतां प्रमाण पस्तिसास एक असें भरलें. पुढें इतर कारखानदारांनींही तेंच उचललें, आणि आज त्याच प्रमाणाची मोठी दुनिया झाली आहे. बॅटरीच्या जाडीवरून जगाचें माप ठरावें, ही गोष्ट आम्हांस मोठी गमतीची वाटते.

या प्रमाणांत शिकण्यासारखें गणित भरपूर आहे. इंग्रजी बनावटीचा ‘सेंच्युरियन’ रणगाडा घ्या. त्याची रुंदी सुमारें ३.३९ मीटर, ३५ नें भागितां ९७ मिलिमीटर, म्हणजे निम्मी वीतही नव्हे. पावणेसहा फूट उंचीचा शिपाई दोन इंचांचा होतो. दोन भागांच्या सांध्यांत एक मिलिमीटरची फट राहिली तर खऱ्या रणगाड्यांत ती साडेतीन सेंटिमीटरांची, दोन बोटें सहज आंत जातील एवढी भेग झाली. आणि असलें भेगाळलेलें चिलखत घेऊन कोणी रणांगणावर जात नाहीं. वजनाचा हिशेब तर याहून मौजेचा आहे. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकीं ३५ पटींनीं कमी झाली म्हणजे घनफळ ३५ × ३५ × ३५, अर्थात् ४२,८७५ पटींनीं कमी होतें. सेंच्युरियनचें वजन सुमारें ५१ टन. या मानानें प्रतिकृति सव्वा किलोच्या आसपास भरावयास पाहिजे. परंतु ती पोकळ प्लॅस्टिकची असल्यामुळें पुष्कळच हलकी असते. हा हलकेपणा लपत नाहीं. ज्या रणगाड्याची पोलादी सांखळी बाजूनें उघडी दिसते तिच्याकडे पाहावें: वरच्या अंगास दोन चाकांच्या मध्यें ती स्वतःच्या भारानें झोळीसारखी लोंबते. प्लॅस्टिकची सांखळी ताठ राहते. म्हणून जाणता मुलगा ती चाकांवर दाबून चिकटवितो. भार आणतां येत नाहीं, निदान भाराची खूण तरी आणतां येते.

असल्या बारीक चौकशीस कोणी पोरखेळ म्हणेल, तर त्यानें १९४२ सालची एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. त्या वर्षीं अमेरिकेच्या आरमारानें तेथील शाळांतील विद्यार्थ्यांकडून विमानांच्या पांच लक्ष प्रतिकृति मागविल्या. प्रमाण १:७२. आपलें विमान कोणतें व शत्रूचें कोणतें हें गोलंदाजांस व वैमानिकांस दुरून ओळखतां यावें, एवढाच त्यांचा उपयोग होता. पंखाचा आकार चुकला तर कोणाच्या तरी हातून आपलाच माणूस मारला जाण्याचें भय होतें.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. पेटी उघडतांच दिसणारी चौकट, जिला सारे भाग फळांसारखे लटकलेले असतात, ती म्हणजे सांच्यांत प्लॅस्टिकचा रस ज्या पन्हाळींतून वाहिला त्यांचाच गोठलेला आकार होय. भाग हातानें पिळून तोडूं नये. कटरनें जरा अंतर ठेवून कापावा आणि उरलेला टोंचा पात्यानें व पॉलिशपेपरनें घांसून काढावा. सांच्याचे दोन अर्धे जेथें मिळतात तेथें भागावर केंसाएवढी रेघ उठते. तोफेच्या नळीवर ही रेघ तशीच ठेवणारे विद्यार्थी पुष्कळ आहेत. खऱ्या तोफेस असली शिवण नसते, हें त्यांस कोणी सांगितलेलें नसतें. जोडण्यासाठीं जें पातळ द्रव मिळतें त्यास गोंद म्हणणें बरोबर नाहीं. हें प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, त्या द्रवांत विरघळतें. दोन्ही कडा क्षणभर मऊ होतात आणि द्रव उडून गेल्यावर एकजीव होतात. हें वेल्डिंगच म्हणावयाचें, फक्त विस्तवावांचून. म्हणून द्रव थोडें लावावें; फार लावणाऱ्याच्या रणगाड्यावर त्याच्याच बोटांचे ठसे कायमचे उमटतात.

पृष्ठभागाविषयीं दोन शब्द अधिक लिहावेसे वाटतात, कारण डोळा तयार होतो तो येथें. सेंच्युरियनचा वरचा फिरता बुरूज मुख्यतः ओतीव पोलादाचा व खालचें धड लाटलेल्या जाड पत्र्यांचें, वेल्ड करून जोडलेलें. ओतीव पोलादाचें अंग बिडाच्या तव्यासारखें किंचित् खरबरीत असतें. लाटलेला पत्रा सपाट असतो. कित्येक संचांत दोन्ही सारखींच गुळगुळीत येतात. अशा वेळीं बुरुजावर तेंच जोडण्याचें द्रव पसरून आंखूड केंसांच्या ताठ कुंचल्यानें हलके हलके टोंचावें; वाळल्यावर ओतकामाचा भास होतो. हें ज्यानें एकदां केलें तो पुढें रस्त्यांतून जातां जातां झांकणें, खांब, यंत्रें यांकडे पाहून ओतीव कोणतें व लाटीव कोणतें हें ओळखूं लागतो. बिनतारी यंत्राची काठी विकत घेण्याचें मुळींच कारण नाहीं. टाकून दिलेल्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीस न लावतां, फिरवीत धरावा आणि मऊ पडतांच ज्योतीपासून दूर नेऊन दोन्ही टोंकें संथपणें ओढावीं. केंसासारखा बारीक दोरा निघतो. हें काम घरांतील वडील मंडळींच्या समक्षच करावें.

रंगाविषयीं आमची एक तक्रार आहे. हल्लीं गंज चढविण्याचा मोठा हव्यास दिसतो. तांबडा-नारिंगी रंग इतका फांसतात कीं, रणगाडा समुद्राच्या तळांतून उपसून काढला असावा असें वाटावें. चालत्या फौजेचा रणगाडा रोज झाडलापुसला व तेल दिलेला असतो. गंज दिसावयाचा तो धूर जाण्याच्या नळ्यांवर, सांखळीच्या आडभागांवर. सांखळीचा जो भाग जमिनीशीं घांसतो तो उलट रुप्यासारखा चकचकीत होतो. ज्या दाराशीं शिपायाचा बूट रोज घांसतो तेथेंच रंग उडतो, दुसरीकडे नाहीं. मूळ रंगही डब्यांतून निघेल तसा न देतां किंचित् पांढरा मिसळून द्यावा, कारण लहान वस्तूवर तोच रंग अधिक काळवंडलेला दिसतो.

परंतु बूट कोठें घांसे, चिखल कोठवर उडाला होता, हें ठरवावें कशावरून ? येथेंच आमचा मूळ मुद्दा येतो. नुसत्या “सेंच्युरियन”ला चिखल नसतो. चिखल असतो तो एका ठिकाणच्या, एका दिवशींच्या सेंच्युरियनला.

उदाहरणच देतों. १९७१ च्या डिसेंबरांत शकरगडच्या भागांत बसंतर नदीच्या कांठीं भारत व पाकिस्तान यांच्या रणगाड्यांची मोठी लढाई झाली. १५ डिसेंबरच्या रात्रीं आमच्या सैन्यानें नदीपलीकडे पाय रोविला. परंतु वाटेंत सुरुंग पेरलेले होते आणि ते काढण्याचें काम पुरें झालें नव्हतें. शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल सुरू झाल्याची वार्ता येतांच १७ पूना हॉर्स या रिसाल्याचे सेंच्युरियन त्या अर्धवट मोकळ्या केलेल्या सुरुंगपट्ट्यांतून पुढें घुसले. हा रिसाला १८१७ सालीं उभारलेला. त्याच्या नांवांत आजही पुणें आहे. त्यांतील एका सेंच्युरियनचें नांव होतें ‘फामागुस्ता’. हें सायप्रस बेटांतील एका बंदराचें नांव. त्या रणगाड्याचे नायक सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० रोजीं पुण्यासच झाला होता, आणि सैन्यांत अधिकारी होऊन त्यांस सहा महिने झाले होते.

१६ डिसेंबरच्या झुंजींत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले व त्यांतील चार खेत्रपाल यांनीं स्वतः टिपले, असें त्यांच्या परमवीरचक्राच्या सन्मानपत्रांत नमूद आहे. त्यांच्या रणगाड्यास गोळा लागून आग लागली. बाहेर पडण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालत आहे, रणगाडा सोडणार नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्यांनीं बिनतारी यंत्रावरून दिलें. पुढच्या आघातानें ते पडले. वय एकवीस वर्षांचें. त्याच दिवशीं ढाक्क्यास पाकिस्तानी फौजेनें शरणागति पत्करली.

आतां ज्या विद्यार्थ्यानें हाच रणगाडा करावयाचें ठरविलें त्याच्यापुढें काय काय प्रश्न उभे राहतात तें पाहा. तामिया व ए. एफ. व्ही. क्लब या दोन्ही कंपन्यांनीं सेंच्युरियनचे संच काढलेले आहेत. परंतु सेंच्युरियनचे निरनिराळे प्रकार झाले, त्यांच्या तोफा बदलत गेल्या, कांहींच्या नळीवर मध्यें धूर काढून टाकणारा फुगवटा असतो व कांहींच्या नसतो. पेटीवर चितारलेला रणगाडा बहुधा परदेशी फौजेचा असतो. तेव्हां पेटीचें सूचनापत्र बाजूस ठेवून छायाचित्रें धुंडाळावीं लागतात. नांव कोठें लिहिलें होतें, अक्षरें केवढीं होतीं, हें छायाचित्र पाहूनच ठरवावें लागतें. मग माती. देशावरचा विद्यार्थी चिखल म्हटला कीं काळा करणार, कोंकणांतला तांबडा करणार. बसंतरच्या कांठची माती या दोन्हींहून निराळी. ती पंजाबांतील नद्यांनीं वाहून आणलेल्या गाळाची, फिकट, राखाडीकडे झुकणारी. नदी ओलांडून आलेल्या रणगाड्याच्या चाकांमध्यें ती ओली असणार व वर वाळून फिकी पडलेली असणार. भूगोलाच्या तासास जी मृदा नुसती पाठ करावयाची, ती येथें कुंचल्यानें कालवावी लागते.

आणि शेवटीं तो मुलगा बुरुजावरील गोल झांकण हातांत घेतो. तें उघडें ठेवावें कीं बंद ? सेंच्युरियनमध्यें चौघे बसतात : नायक, तोफची, गोळा भरणारा व पुढें एकटा चालक. चालकास बाहेर पडण्याचें दार कोणतें ? तोफ एखाद्या विशिष्ट बाजूस वळलेली असतां तें दार उघडतां येतें काय ? आग लागली तर कोणास किती वेळ मिळतो ? असे प्रश्न विचारणाऱ्या मुलास युद्धाची गोडी लागेल हें भय आम्हांस वाटत नाहीं. उलट, दहा पेट्या आणून दहा रणगाडे झपाट्यानें जोडणारा व “आमचा वाघ, तुमचा चित्ता” अशी मोजदाद करणारा जो मुलगा आहे, त्याच्याविषयीं मात्र पालकांच्या पहिल्या पक्षाशीं आम्ही सहमत आहों. त्याच्या रणगाड्यांत माणूस बसलेलाच नसतो.

या उदाहरणास दुसरीही एक बाजू आहे. खेत्रपाल यांच्याशीं त्या दिवशीं ज्यांचा सामना झाला ते पाकिस्तानच्या १३ लान्सर्स रिसाल्याचे अधिकारी ख्वाजा मोहम्मद नासर. २००१ सालीं अरुण यांचे वृद्ध वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, पाकिस्तानांत आपली जन्मभूमि पाहावयास गेले, तेव्हां लाहोरास ते याच नासरांच्या घरीं उतरले होते. आणि तुमच्या मुलाचा मृत्यु माझ्या हातून झाला, ही गोष्ट त्यांनींच आपल्या पाहुण्यास सांगितली. हें वाचल्यावर एखादा विद्यार्थी सेंच्युरियनच्या शेजारीं पलीकडच्या बाजूचा पॅटनही तितक्याच काळजीनें करावयास घेईल. घ्यावा, असें आमचें मत आहे. त्याच्याही झांकणाखालीं माणसें होतीं.

रणगाडा जळतांना दाखवावा काय, असा प्रश्न येईल. आम्हांस तें प्रशस्त वाटत नाहीं. कापसाच्या ज्वाळा आणि तांबड्या रंगाचें रक्त यांनीं कोणाच्याही मरणाचा मान राखला जात नाहीं. सुरुंगपट्टा ओलांडून नुकताच पलीकडे आलेला, चाकें ओलीं, झांकण उघडें, असा तो दाखवावा. पुढचें पाहणाऱ्यास ठाऊक असतें. नसेल तर तो विचारील, आणि करणारा सांगेल.

आतां पालकांस कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. हे संच बहुधा परदेशांतून येतात व मध्यम स्थितीच्या कुटुंबास जड वाटावी अशी त्यांची किंमत असते. वर्षास एक पुरे. न उघडलेल्या पेट्या कपाटांत रचून ठेवण्याचें व्यसन मोठ्या माणसांसही जडतें, तें मुलास लावूं नये. ज्यास एकही परवडत नाहीं त्यानें जाड पुठ्ठा, रिफिलच्या नळ्या व जुन्या पेनांचीं टोपणें यांतून रणगाडा उभारावा. माप ३५ नें बरोबर भागलेलें असलें म्हणजे आम्ही त्यास पेटींतल्या रणगाड्याहून वरचें बक्षीस देऊं. जोडण्याच्या द्रवाचा व रंगाचा वास डोक्यांत भिनतो, सबब खिडकी उघडी ठेवून बसावें. घांसतांना पाणी लावावें, म्हणजे भुकटी नाकांत जात नाहीं. पातें बोटाकडे ओढूं नये. मुलाचा धीर सुटला म्हणून वडिलांनीं रात्रीं बसून रणगाडा पुरा करून ठेवूं नये. प्रदर्शनांत असले बापाच्या हातचे रणगाडे लगेच ओळखूं येतात. आमच्या विद्यार्थिनींपैकीं अद्याप कोणी या कामास हात घातलेला दिसत नाहीं. याचें कारण काय, तें आम्हांस समजत नाहीं.

राहिली खरी वस्तु पाहण्याची गोष्ट. ती आपल्या महाराष्ट्रांतच आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, येथें १९९४ सालीं निघालेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. निरनिराळ्या देशांचे व निरनिराळ्या काळांतील रणगाडे तेथें उघड्यावर मांडलेले आहेत, आणि त्यांत सेंच्युरियनही आहे व पॅटनही आहे. ‘फामागुस्ता’ लढाईनंतर पाकिस्तानी सैन्याच्या हातीं पडला होता. तो पुढें परत मिळाला आणि याच शहरांतील आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या सैनिकी संस्थेनें तो जतन करून ठेविला आहे. पुण्याहून सकाळीं निघून रात्रीं परत येतां येतें. जातांना वही, पेन्सिल व मोजपट्टी बरोबर असावी. पुढून सगळेच पाहतात. विद्यार्थ्यांनीं मागें जावें, वांकून चाकांच्या मध्यें पाहावें, वेल्डिंगच्या रेघा कोठें जाड व कोठें बारीक आहेत त्यांचें रेखाटन करावें, बुरुजाचा खरबरीतपणा डोळ्यांनीं नीट टिपून घ्यावा. संग्रहालयाच्या माणसांची परवानगी मिळाल्यास चालकाच्या दाराची रुंदी मोजून वहींत लिहावी, आणि घरीं आल्यावर ती ३५ नें भागून पेटींतल्या झांकणाशीं ताडून पाहावी.